आगर बंद, औषध बंद

आमच्याकडे परीक्षा आणि मीठ एकाच हंगामात तयार होतं. फेब्रुवारी सरायला लागला की मी वह्या घेऊन गच्चीवर जाते आणि पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसते. खाली आमचा टीव्ही, शेजारच्यांचा टीव्ही, वरच्या मजल्यावर नव्या भाडेकरूंचं ठोकाठोकीचं काम. गच्चीवर फक्त वारा असतो. पुस्तकातून डोळे वर केले की खाडीच्या अंगाला आगर दिसतं. बाहेरची माणसं मिठागर म्हणतात, इथल्या नवघर-खारी गावांतली जुनी माणसं नुसतं आगर. मातीच्या बांधांनी आखलेले चौकोन, त्यात उथळ पाणी आणि कडेला मिठाचे ढीग. सकाळी ते करडे दिसतात. अकराच्या सुमाराला असे पेटतात की पापण्या आपोआप मिटतात आणि मिटल्यावरही आत हिरवे चौकोन दिसत राहतात.

हे हिरवे चौकोन कुठून येतात, असं मी एकदा मॅडमना विचारलं होतं. मॅडम म्हणजे नवघर रोडवरच्या आमच्या दवाखान्यातल्या डोळ्यांच्या डॉक्टर. ‘आमच्या’ असं मी लिहून गेले. माझा त्यात काही वाटा नाही. कॉलेज सकाळचं असतं, दुपारी मी तिथे केसपेपर काढते, नावं पुकारते, पेशंटना औषध कसं घालायचं ते सांगते. मॅडम म्हणाल्या होत्या, “अगं, डोळा थकला की उलटा रंग दाखवतो.” मग, “पण पेशंटनं विचारलं असतं तर मी इतकं सोपं सांगितलं असतं का, कोण जाणे.”

यंदा माझं शेवटचं वर्ष. काल गच्चीवर अर्थशास्त्राचं एक प्रकरण तिसऱ्यांदा वाचताना मी पुस्तक मिटलं आणि स्वतःला विचारलं, हे आईला कसं सांगशील? आई सातवीपर्यंत शिकली. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मीच पहिली. पहिल्या वर्षी ती रोज विचारायची, “आज काय शिकवलं?” मी म्हणायचे, “तुला नाही समजणार.” खरं तर मलाच समजलेलं नसायचं. आता मी प्रत्येक प्रकरणाला हा प्रश्न लावून बघते. तो प्रश्न मला कॉलेजनं दिला नाही. तो आला एका मिठाच्या हंगामातून, दोन वर्षांपूर्वीच्या, आणि माझ्या हातून झालेल्या एका चुकीतून.

दवाखान्यात मी कशी आले ते आधी सांगते. पप्पा स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशला आहेत. एकदा त्यांच्या डोळ्यात कण गेला. कारखान्यातल्या मित्रांनी रुमालाच्या टोकानं काढायचा प्रयत्न केला, त्यानं तो अजून रुतला. मी त्यांना धरून मॅडमच्या दवाखान्यात नेलं. चष्म्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या. नवा रंग, स्पिरिटचा वास, बाहेर लाकडी बाक आणि बाकावर इतकी माणसं की आपला नंबर कुठला हे कुणालाच माहीत नाही. मॅडम स्वतःच दार उघडून विचारत होत्या, “आता कोण?” आणि चार जण उठत होते. मी पप्पांचं नाव, पत्ता, काय झालं ते एका कागदावर लिहून आत दिलं. कण निघाला. जाताना मॅडम कागदाकडे बघून म्हणाल्या, “अक्षर वाचता येतंय. दुपारी काय करतेस?”

मॅडम त्या वेळी नव्या होत्या. मोठ्या हॉस्पिटलात शिकून आलेल्या, हात फार हलका. मोतीबिंदू काढताना त्यांचा हात थरथरत नाही. पण बाक कुठे ठेवायचा, पेशंटचे कागद कसे सांभाळायचे, ज्याला पुन्हा यायला सांगितलं तो आलाच नाही हे कसं कळणार, यातलं काही त्यांना येत नव्हतं. मला फार नवल वाटायचं. एवढी पुस्तकं वाचलेली बाई आणि तिचे केसपेपर बिस्किटांच्या खोक्यात! मी एकदा भीतभीतच विचारलं, “मॅडम, हे तुम्हाला कॉलेजात शिकवत नाहीत?”

“काय?”

“म्हणजे... दवाखाना.”

त्या हसल्या. “डोळा शिकवतात. डोळ्याभोवतीचा माणूस आणि माणसाभोवतीचा दवाखाना, हे आपलं आपण.”

मग आम्ही दोघी आपलं आपण शिकायला लागलो. आडनावाप्रमाणे कागद लावले तर अर्धं खोकं म्हात्रे-पाटील-भोईरांनी भरलं. त्यात एकाच नावाचे तीन काशिनाथ पाटील. मी कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं खुणा लिहू लागले, ‘घरामागे विहीर’, ‘मुलगा बँडमध्ये’, ‘खूप बोलतात’. शेवटची खूण त्या काशिनाथकाकांनी एकदा वाचली आणि मोठ्यानं म्हणाले, “खरं लिवलंय पोरीनं!” बाहेरच्या झगझगीत उन्हातून आत येणाऱ्या म्हाताऱ्यांना दाराची पायरी दिसायची नाही, आठवड्याला एखादं कुणी अडखळायचंच. डोळ्यांच्या दवाखान्यात न दिसणारी पायरी! खालच्या चष्मेवाल्या भाईंनी त्यांच्या दुकानासाठी आणलेला चुना मी मागून घेतला आणि पायरीच्या काठावर पांढरा पट्टा ओढला. भाई खालून ओरडले, “अरे, रांगोळी भी निकाल दे!” त्यानंतर कुणी पडलं नाही. मॅडमनी तो पट्टा बघितला आणि दोनदा पायरी चढून-उतरून पाहिली. मग म्हणाल्या, “हे मला का नाही सुचलं?” मलाही तेव्हापासून हेच कुतूहल आहे. कोणाला काय सुचतं, आणि का?

डोळ्यांत थेंब घालून बाहुली मोठी करतात आणि मग आत बघतात. ते थेंब आम्ही सकाळी घालायचो आणि माणसं भर दुपारी फाकलेल्या बाहुल्यांनी घरी जायची. खारीची एक आजी दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाली, “काल मना सगलीकडं नुस्तं मीठच दिसत व्हतं गो.” मग थेंबांची वेळ आम्ही उन्हं कलल्यावरची केली. अशा लहान लहान गोष्टी. मला त्या आवडायच्या. वाटायचं, चुकलं तर इथे फार काय बिघडणार?

त्याच दिवसांत, म्हणजे शिमगा जवळ आला होता आणि माझी पहिल्या वर्षाची परीक्षा तोंडावर होती तेव्हा, नामाकाका आले. नवघरचे. उन्हाळ्यात आगरावर, पावसाळ्यात स्वतःच्या थोड्या भातशेतीवर. पन्नाशीच्या पुढचे, काळेभोर, पायांच्या टाचांना मिठानं पडलेल्या भेगा. सोबत पार्वतीकाकू होत्या. काका म्हणाले, “चष्मा बदलून द्या, मंग मी जातो.” काकू म्हणाल्या, “चष्मा कसला बदलतंस? डाव्या अंगाला कोन उभा हाय ते कलत न्हाय तुला. काल म्हशीला धडकला, डागतरीणबाई! म्हस बाजूला जाली, ह्यो न्हाय जाला.”

“म्हशीला दिसत व्हतं,” काका म्हणाले.

मॅडमनी डावा डोळा तपासला. मग त्यांना झोपवून डोळ्यांवर आतला दाब मोजायचं लहानसं वजनाचं यंत्र ठेवलं, खोलीत काळोख करून आत बघितलं. खूप वेळ लागला. डावा डोळा गेलेला होता. उजवा शिल्लक होता, पण त्यातही काठाकाठानं नजर आत सरकत होती. काचबिंदू. मॅडम त्यांना नीट बसवून सांगत होत्या, “डोळ्यातला दाब वाढलाय, त्यानं नस सुकतेय. गेलेली नजर परत येणार नाही. आहे ती टिकवायची. रोज औषध, कायमचं.” मध्येच एक वाक्य टोपीचं पण म्हणाल्या, “आणि आगरावर जाताना टोपी घाला, चकाकीचा त्रास होतो.” बाहेर बाकावर अकरा माणसं होती. काका मान हलवत होते. जी मान आपण वर्गात हलवतो, तशीच.

बाहेर आल्यावर काकांनी बाटली माझ्यासमोर धरली. “पोरी, ह्ये काय हाय?”

मला तो क्षण लख्ख आठवतो, कारण मला त्या क्षणी स्वतःचा फार अभिमान वाटला होता. मॅडमचं अवघड बोलणं मी सोपं करून सांगणार होते. मी म्हणाले, “काका, आगरातल्या उन्हानं, मिठाच्या चकाकीनं डोळ्यांना त्रास होतो ना? त्याचं औषध आहे हे. सकाळ-संध्याकाळ एकेक थेंब. आणि तीन महिन्यांनी दाखवायला या.”

“हां,” काका म्हणाले. “आता कललं.”

त्यांना खरंच कळलं होतं. मी जे सांगितलं ते त्यांना अगदी पूर्ण कळलं होतं.

परीक्षा झाली. एप्रिल-मेमध्ये आगराचं काम जोरात असतं, बायका डोक्यावर टोपल्या घेऊन बांधावरून रांगेनं जातात, लाकडी फळीनं मीठ ओढल्याचा खर्र आवाज गच्चीपर्यंत येतो. काका एकदा येऊन दुसरी बाटली लिहून घेऊन गेले, मग तिसरी. मला म्हणाले, “एक थेंब चुकवला न्हाय.” मी त्यांच्या कागदाच्या कोपऱ्यात लिहिलं, ‘औषध नीट घालतात’. मेअखेरीला पावसापासून झाकायला ढिगांवर गवत आणि झावळ्या चढल्या. आगर बंद झालं. जून आला, जुलै आला. तीन महिन्यांनी म्हणून दिलेली तारीख भाताच्या पेरणी-लावणीच्या दिवसांत येत होती. लावणीत इथलं कुणी स्वतःच्या लग्नालाही जाणार नाही, हे मला इतकी वर्षं इथे राहून माहीत होतं. तरी ती तारीख मीच लिहिली होती. पंचांग बघून माणसं मुहूर्त काढतात, मी नुसतं कॅलेंडर बघून बारा आठवडे मोजले होते.

काका दिवाळीनंतर आले. भात कापून, झोडून, सगळं आवरून. चेहरा प्रसन्न होता. कागदात बांधून आमच्यासाठी नव्या तांदळाचे पोहे आणले होते, ते त्यांनी माझ्या हातात दिले. बाकावर बसून मोठ्यानं म्हणाले, “आयलो बग पोरी. आता आगर उघडंल. थेंब दे.”

मी म्हणाले, “काका, थेंब कधी संपले?”

“संपले कुटं? अर्धी बाटली हाय अजून. आगर बंद जालं, औषध बंद केलं. पावसात कसली चकाकी?”

हातातला पोह्यांचा कागद कुरकुरत होता, तेवढा एकच आवाज मला ऐकू येत होता.

मॅडमनी त्यांना समोर खुर्चीवर बसवलं. डोळ्यांसमोरची नजर वेगळी आणि बाजूची वेगळी. बाजूची बघण्याची एक साधी तपासणी असते, तिला यंत्र लागत नाही. पेशंटनं डॉक्टरच्या नाकाकडे बघायचं, डॉक्टर बाजूनं हळूहळू बोट आत आणतात, बोट दिसलं की सांगायचं. मार्चमध्ये मॅडमचं बोट काकांच्या उजव्या खांद्याच्या रेषेत आलं तेव्हा काका “हाय” म्हणाले होते. मॅडमनी कागदावर एक वर्तुळ काढून त्याचा कडेचा भाग पेन्सिलीनं काळा केला होता. आता बोट खांद्याशी आलं. काका नाकाकडे बघत राहिले. बोट अजून आत आलं. अजून. मी दाराशी उभी राहून मनात म्हणत होते, आता म्हणा, आता म्हणा. बोट जवळजवळ गालासमोर आल्यावर काका म्हणाले, “हाय.”

मॅडमनी वर्तुळात पेन्सिल फिरवली. पांढरं फार थोडं उरलं.

“औषध बंद करायला कुणी सांगितलं?” त्यांनी विचारलं. आवाज शांत होता.

काकांनी माझ्याकडे बघितलंही नाही. “कोन सांगंल? मनाच म्हाईत व्हतं.”

ते गेल्यावर मी मॅडमना सगळं सांगितलं. शब्द नीट जुळत नव्हते. मला वाटलं त्या म्हणतील, उद्यापासून येऊ नकोस. त्या खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. खाली भाईंच्या दुकानात कुणाशी तरी घासाघीस चालली होती. मॅडम म्हणाल्या, “तू चुकीचं सांगितलंस. मी बरोबर सांगितलं, पण ते त्यांच्यापर्यंत पोचलंच नाही. त्यांची नजर आपण दोघींनी मिळून घालवली.” मग, “चकाकीचा आणि या रोगाचा काही संबंध नाही, हे तुला तरी माहीत होतं का?”

“नाही.”

“मी तुलाही कधी सांगितलं नाही.”

त्या आठवड्यात मी कॉलेजला गेले तरी लक्ष नव्हतं. एकच विचार. पाच महिने माणसाची नजर जात होती आणि त्याला कळलं कसं नाही? काकांना दुसऱ्यांदा बोलावलं तेव्हा मी धीर करून विचारलं. काका रागावतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, “तुला पाटीमागचं काय दिसतं?”

“काहीच नाही.”

“कालोख दिसतो?”

मी विचार केला. डोळे मिटून नाही, उघडे ठेवून. माझ्या डोक्यामागे काळोख नव्हता. तिथे काहीही नव्हतं. “नाही. काळोखही नाही.”

“तसंच. कालोख असता तर भ्यायलो असतो ना. पलत आयलो असतो.”

त्या दिवशी घरी जाताना मी सारखी मान वळवून बघत होते. नवघर रोडवर रिक्षा, हातगाडी, शाळा सुटलेली मुलं आणि माझ्या नजरेच्या काठापलीकडे सगळीकडे ते ‘काहीही नाही’. आपण सगळेच त्याच्यासोबत चालतो आणि आपल्याला त्याची उणीव भासत नाही. ही गोष्ट मला अजून पूर्ण समजलेली नाही.

त्यानंतर दवाखान्यात एक पद्धत पडली. पेशंट जायला निघाला की मी विचारते, “घरी काय सांगाल?” तो जे सांगेल ते आम्ही ऐकायचं. चुकलं असेल तर पुन्हा सांगायचं, तो बरोबर सांगेपर्यंत सोडायचं नाही. पहिल्या दिवशी एक आजोबा म्हणाले, “सांगीन की दवाखान्यातली मुलगी फार चौकशा करते.” एक बाई म्हणाल्या, “घरात माझं ऐकतं कोण, सांगू कशाला?” पण सात-आठ जणांपैकी एखादा असं काही सांगायचा की त्याला पुन्हा आत न्यावं लागायचं. थेंब गिळायचे समजलेला एक जण होता. इतके दिवस असे किती जण मान हलवून गेले असतील?

तारखाही बदलल्या. नवघर-खारीच्या माणसांच्या कागदांवर मी तारीख लिहायची थांबले. ‘भात झोडल्यावर’, ‘शिमग्याच्या आधी’, ‘आगर झाकलं की लगेच, लावणीच्या आत’. मॅडमना पहिल्यांदा हे विचित्र वाटलं. मग त्याच मला विचारू लागल्या, “यांचं आगर की नोकरी?”

आणि अर्ज. काकांसारखे अजून किती असतील, ज्यांना काही दुखत नाही म्हणून ते येणारच नाहीत? मॅडमना नगरपालिकेकडून फक्त एक खोली हवी होती, नवघरात, महिन्यातून एक बुधवार, म्हणजे चाळिशीपुढच्या माणसांना त्यांच्या दाराशी तपासता येईल. त्यांनी अर्ज लिहिला. ‘काचबिंदू हे अपरिवर्तनीय अंधत्वाचे एक प्रमुख कारण असून...’ मी तो टाइप करून आणला. आरोग्य समितीच्या सभापतींनी तो वाचला, चहा मागवला आणि म्हणाले, “मॅडम, तुमचं काम चांगलंच आहे. पण लोकांना तिसऱ्या दिवशी पाणी येतंय. टँकर बघू का डोळे बघू?” तिथे बसलेले दोघे हसले. आम्ही चहा पिऊन परत आलो. जिन्यात मॅडम म्हणाल्या, “मागायचं कसं हेही कुणी शिकवलं नाही.”

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा काका सोबत होते. त्यांनी धुतलेली टोपी घातली होती. मॅडम पुन्हा सांगू लागल्या, या वेळी सोपं करून, तरी मी सभापतींची मान बघत होते. ती हलत होती. ती मान मला ओळखीची होती. माझ्या तोंडून निघून गेलं, “साहेब, घरी गेल्यावर वहिनींना काय सांगाल? आम्ही काय मागायला आलो होतो?”

मला वाटलं, संपलं. मॅडमनी माझ्याकडे बघितलं, पण थांबवलं नाही.

सभापती म्हणाले, “काय सांगायचं? डोळ्यांचं शिबिर... चष्मेवाटप...” मग स्वतःच ओशाळून हसले. “बरं, मला नाही समजलं. सांगा.”

मॅडम काकांना म्हणाल्या, “काका, तुम्ही सांगा.”

काका उभे राहिले. “सायेब, तुमच्या पाटीमागं काय दिसतंय?”

“भिंत असेल.”

“असंल न्हाय. दिसतंय का?”

“नाही.”

“कालोख दिसतोय?”

सभापतींचा हात हळूच कानामागे गेला, जणू तिथे काही आहे का ते चाचपत होते. काका म्हणाले, “माजं तसं जालं. दुखलं न्हाय, खुपलं न्हाय, कालोख न्हाय आयला. एक डोला गेला तो म्हशीनं सांगितला. दुसरा ह्या बायांनी धरून ठेवलाय. नवघरात माज्यासारखे किती हायेत ते तुमाला म्हाईत न्हाय, मना बी न्हाय, त्यांना सोताला बी न्हाय. टँकर आला न्हाय तर बोंब मारता येते, सायेब. ह्येची बोंब कोन मारनार?”

खोली मिळाली. शाळेच्या मागची, मोडके बाक ठेवायची. पंखा नाही, पैसे नाहीत, शिपाई नाही. “बुधवारी किल्ली घेऊन जा,” एवढंच. जाताना सभापती हळूच म्हणाले, “आमच्या आईला आणलं तर चालेल का? ती पण हल्ली दाराला आपटते.” मॅडम म्हणाल्या, “तिलाच पहिली आणा.”

हे सगळं मी मोठ्या विजयासारखं लिहिलंय का? तसं ते नव्हतं. पहिल्या बुधवारी चार माणसं आली. एक तर फक्त सावलीला बसायला. आणि काकांच्या त्या पाच महिन्यांत गेलेलं, वर्तुळाच्या काठावरचं ते जग, ते कुठल्याही अर्जानं परत येणार नव्हतं. अजूनही पोह्यांचा कागद कुरकुरला की मला ते आठवतं. दर वेळी काका तपासायला आले की मी आधी त्यांचं जुनं वर्तुळ काढून बघते. उरलेलं टिकलंय का? बोट कुठे येईल तेव्हा ते बोलतील?

काल तो बुधवार होता, शिमग्याआधीचा. माझा पेपर पुढच्या आठवड्यात आहे, मॅडम म्हणाल्या होत्या नको येऊस. पण मी गच्चीवर तेच पान घेऊन बसले होते आणि आगर इतकं झगझगत होतं की अक्षरं दिसेनात. मी पुस्तक मिटलं आणि शाळेच्या मागच्या खोलीत गेले. आता तिथे बाक नीट लावलेले असतात, बावीस माणसं होती. दाराच्या पायरीवर चुन्याचा पट्टा आहे, तो तिथल्या मुलांनी ओढलाय. कुणी सांगितलं नव्हतं.

काका समोरच्या खुर्चीवर बसले. उरलेला डोळा मॅडमच्या नाकाकडे. पार्वतीकाकू भिंतीला टेकून पदर तोंडाशी धरून उभ्या. मी केसपेपर धरला होता, त्यावरचं ते जुनं वर्तुळ, पेन्सिलीच्या काळ्यात उरलेला लहानसा पांढरा तुकडा.

मॅडमचं बोट बाजूनं आत यायला लागलं. खिडकीतून आलेल्या उन्हात त्याची सावली काकांच्या खांद्यावर पडली. काका काही बोलले नाहीत. ते बरोबरच होतं, तिथून त्यांना आता दिसत नाही. बोट सरकत होतं. बाहेर कुणी तरी खोकलं. गालासमोर बोट आलं, त्याच जागी, त्या दिवाळीनंतर जिथे थांबलं होतं तिथे.

“हाय,” काका म्हणाले.

मॅडमनी पेन्सिल उचलली, वर्तुळावर धरली आणि काही न काढता खाली ठेवली. एवढंच झालं. बघणाऱ्याला कळलंही नसतं की काही झालं. डोळ्यांच्या या रोगात जिंकणं असं दिसतं, मागच्या खेपेसारखंच.

मी विचारलं, “काका, घरी काय सांगाल?”

“घर हितंच उभं हाय,” काकूंकडे हात करून ते म्हणाले.

“तरी सांगा.”

काकांनी टोपी घातली. दारातून बाहेर बघितलं, आधी मान उजवीकडे वळवून, मग डावीकडे, मॅडमनी शिकवलंय तसं, कारण बाजूचं बघायला आता त्यांना मानच वापरावी लागते. मग काकूंना म्हणाले, “होतं तेवढं हाय गो. आगर बंद जालं तरी बाटली चालू.”